शेतराखणीची बंदूक परत करताना: एका शासकीय सेवेचे परीक्षण

शेतराखणीसाठी परवान्यावर घेतलेली बंदूक स्वतःहून शासनाकडे जमा करण्याची सेवा विदर्भातल्या खेड्यांत किती उपयोगाची आहे, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. आमच्या घरची एकनळी बारा बोअर बंदूक बाबांच्या नावावर होती. वयामुळे त्यांना रात्रीची जागली झेपेनाशी झाली. मला परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचा नव्हता, कारण घरात लहान मुले आहेत आणि बंदुकीपायी झोप उडावी अशी माझी इच्छा नव्हती. त्यामुळे या सेवेची प्रत्येक पायरी आम्हाला जवळून पाहता आली.

कायद्याची बाजू सरळ आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 17 नुसार परवानाधारक स्वतः अर्ज करून परवाना रद्द करून घेऊ शकतो, आणि कलम 21 नुसार बंदूक व काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. ठरलेल्या मुदतीत मालकाला ती विकण्याची संमती देऊन विक्रीची रक्कम घेता येते. मुदत टळली की शस्त्र शासनजमा होऊ शकते. ही शेवटची तरतूद गावात जवळपास कोणालाच ठाऊक नसते, आणि आमच्या अनुभवात अर्ज घेणाऱ्या कार्यालयानेही ती आपण होऊन सांगितली नाही. या सेवेतील सर्वांत मोठी उणीव मी हीच मानतो, कारण माहितीअभावी शेतकरी आपली कायदेशीर मालमत्ता फुकट देऊन मोकळा होतो.

ठाण्यातील वागणूक मात्र मनापासून कौतुक करावी अशी होती. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा करून घेण्याची सवय असल्यामुळे तेथील हवालदारांना कामाची नेमकी पद्धत ठाऊक होती. त्यांनी बंदूक सांध्यातून उघडून नळी रिकामी असल्याची खात्री केली, गंजामुळे पुसट झालेला क्रमांक तेलाच्या फडक्याने घासून विजेरीच्या उजेडात वाचला, काडतुसे टेबलावर ओळीने उभी करून मोजली आणि घोड्याच्या कडीला सुतळीने चिठ्ठी बांधली. सही करण्यापूर्वी ते बाबांना म्हणाले, “काकाजी, पावतीवरचा नंबर तुम्ही स्वतः वाचून घ्या, मंगच सही करा.” हा सल्ला प्रत्येकाने पाळावा. पावतीवर बंदूक बनवणाऱ्याचे नाव, क्रमांक, बंदुकीची स्थिती आणि काडतुसांची संख्या असल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नये, आणि परवाना रद्द झाल्याचा लेखी आदेश तसेच परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीतील बदल यांचा पाठपुरावा स्वतः करावा. विक्रेत्याकडे ठेवायची असेल, तर भाडे आधी लेखी ठरवून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मोबदला. बंदूक परत करणाऱ्याला शासनाने काही द्यावे ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थर येथे 35 जणांची हत्या झाल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, आणि त्यासाठीचा पैसा आरोग्य करात एका वर्षापुरती 0.2 टक्क्यांची वाढ करून उभारला. न्यूझीलंडने 2019 मध्ये बंदी घातलेल्या बंदुकांसाठी स्थितीनुसार मूळ किमतीच्या 95 टक्क्यांपर्यंत रक्कम दिली. अमेरिकेत 2013 साली विशिष्ट रायफली स्वेच्छेने देणाऱ्यास 2,000 डॉलरपर्यंत करसवलत सुचवणारे विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि जादा बंदूक जमा करण्यास एक वर्ष दिले, पण मोबदल्याचा विचार त्यात नव्हता.

असे असले तरी करसवलतीची मागणी आपल्या भागात उचलून धरावी असे मला वाटत नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ज्याला करच लागत नाही त्याला करातील सूट काय कामाची? तिचा लाभ शहरातला नोकरदार किंवा व्यापारी परवानाधारक घेईल, आणि धुऱ्यावर मचाण बांधून तूर राखणारा माणूस होता तिथेच राहील. आमच्याकडे बंदूक हौसेने ठेवली जात नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा उकरून टाकतो, रोही (नीलगाई) कपाशी आणि तूर तुडवतात, आणि गावकरी परवानगीशिवाय त्यांना मारू शकत नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आड येतो. म्हणजे बंदूक बहुतेक वेळा आवाज करण्यापुरतीच उरते. तरीही ती हातात असल्याने रात्री शेतात पाऊल टाकण्याची हिंमत येते, ही गोष्ट जागल न केलेल्या माणसाला सहज पटणार नाही.

म्हणून बंदूक सोडणाऱ्या शेतकऱ्याला तिच्या जागी शेताचे रक्षण मिळाले पाहिजे. जंगलालगतच्या गावांसाठी सौर कुंपणाला अनुदान देणारी योजना राज्यात आहे, आणि वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाईही आहे. जमा पावती जोडणाऱ्या शेतकऱ्याचा कुंपणाचा अर्ज यादीत वर घ्यावा आणि बंदुकीची किंमत ठरवून ती शेतकऱ्याच्या हिश्श्यात वळती करावी. त्यासाठी नवा कर किंवा नवे खाते लागत नाही. महसूल, पोलीस आणि वन या तीन विभागांनी एकमेकांचा कागद मान्य केला तरी पुरे. शस्त्रासह आत्मसमर्पण करणाऱ्या नक्षलवाद्याला राज्य आर्थिक साहाय्य देते आणि ते योग्यच आहे. मग वर्षानुवर्षे नियम पाळून परवाना नूतनीकरण करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती नुसती पावती ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

ठाण्यातील कामाला मी पाचपैकी चार गुण देईन, अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयाला दोन, आणि मोबदल्याच्या बाबतीत शून्य. ज्यांच्या घरी बंदूक वापराविना पडून आहे त्यांनी ती जरूर जमा करावी, मात्र अर्जातच विक्रीला संमती असल्याचे लिहावे आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्यावी.