सरकारी मोजणी की खासगी सर्वेयर?

भाच्याच्या घराची मागची भिंत गायरानात, म्हणजे गावाच्या सरकारी चराऊ जमिनीत गेलीय, अशी गावात कुजबुज. मोजणी कोणाकडून करावी, या पेचात तो पडलाय.

खासगी सर्वेयर बोलावला की टोटल स्टेशन हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन हजर. पण वाद पेटला की त्याच्या नकाशाला फारसं वजन राहत नाही. सरकारी भूमी अभिलेख विभागाची हद्द कायम मोजणी, म्हणजे जमिनीची सीमा ठरवणारी मोजणी, वेळखाऊ, तातडीची केली तर फी जास्त. मात्र लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, मूळ अभिलेखावरून खुणा दाखवतो आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात पडते. महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण हटवण्याची कारवाई झालीच, तर तोच कागद बोलतो. (गाव बांधावरच्या बाभळीला हद्द मानतं, नकाशाला बाभूळ ठाऊक नसते!)

पाया खणण्याआधी अंदाज हवा, तर खासगी चालेल. भाच्याची भिंत उभी आहे. त्याने सरकारीच मागवावी.