औषधांची एकच यादी : वृद्धसेवेचा आमचा अनुभव

राजापूर तालुक्यातील वाडीत एकटी राहणाऱ्या माझ्या आईसाठी आम्ही रत्नागिरीतील एक खासगी वृद्धसेवा घेतली आहे. मुले मुंबईत आणि आईवडील गावी, अशी स्थिती असलेल्या घरांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची व्यक्ती म्हणजे दर आठवड्याला घरी येणाऱ्या परिचारिकाताई. पहिल्याच भेटीत त्यांनी आईचा औषधांचा डबा ओटीवर रिकामा केला आणि प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरांतील मूळ औषधाचे नाव वाचले, तेव्हा राजापूर आणि कोल्हापूर येथील दोन डॉक्टरांनी निरनिराळ्या नावांनी लिहून दिलेली टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची एकच गोळी आई दोनदा घेत असल्याचे लक्षात आले. उठताना तिला चक्कर का येते, याचा उलगडा तिथेच झाला. ताईंनी दोन्ही डॉक्टरांशी बोलून एक गोळी बंद करून घेतली. आता मोठ्या अक्षरांतील एकच यादी फ्रिजवर लावलेली असते आणि तिची प्रत प्रत्येक तपासणीला सोबत जाते. तज्ज्ञ अनेक असले, तरी सगळ्यांचे कागद एकत्र वाचणारे माणूस क्वचितच असते. आमच्या मते पैसे द्यावेत ते याच कामासाठी.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्डही त्यांनीच काढून दिले. त्यावर कुटुंबातील ज्येष्ठांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजची औषधे आणि घरी देखभालीसाठी नेमलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले, याचे समाधान वाटले.

रात्रीची व्यवस्था मात्र अपुरी आहे. एकदा मध्यरात्री आईला धाप लागली, तेव्हा सेवेचा दूरध्वनी बराच वेळ कोणी उचलला नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, पण ती रस्त्यापर्यंतच. पाखाडीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून आईला खुर्चीत बसवून खाली नेले ते शेजारच्या मुलांनी. घर रस्त्यापासून किती आत आहे आणि उचलायला कोण येईल, ही नोंद नाव नोंदवतानाच व्हायला हवी होती. आमच्या तक्रारीनंतर ती झाली, रात्रीसाठी दुसरा क्रमांकही मिळाला. तरीही पावसाळ्यात अणुस्कुरा घाट बंद पडल्यास कोल्हापूरऐवजी कुठे न्यायचे, हे सेवा घेताना लेखी ठरवून घ्यावे.