रूरल पोस्टिंगचा रिव्ह्यू: अप-डाउन करू नका, मुक्कामाला राहा

पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजची मी इंटर्न. इंटर्नशिपमधे कम्युनिटी मेडिसिनचे जे १२ आठवडे असतात त्यातला दीड महिना मी नसरापूरच्या पुढे आत डोंगरात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढला, तोही ऐन जुलै-ऑगस्टमधे. ज्युनिअर सारखे विचारतायत की पोस्टिंग कसं आहे, काही शिकायला मिळतं का, सही लवकर मिळते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. केंद्राचं आणि कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तक्रारी पण आहेत आणि त्या तिथल्या माणसांबद्दल नाहीत.

रेटिंग आधी सांगते. शिकण्यासाठी पाचपैकी पाच. राहण्याच्या सोयीला दोन. आणि कॉलेजने आमच्यासाठी जी व्यवस्था केली तिला एक.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बॅचमधले बहुतेक जण अप-डाउन करतात. सकाळी स्वारगेटहून एसटी पकडायची, दहाच्या आसपास पोचायचं, एक-दीडपर्यंत ओपीडीत बसायचं, रजिस्टरवर सही आणि संध्याकाळी परत अभ्यासिकेत 'नीट पीजी'चे, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचे एमसीक्यू सोडवायला. मी पण पहिला आठवडा हेच केलं. मला कोणालाच नावं ठेवायची नाहीयेत, पीजीचं टेन्शन किती असतं ते मला माहितीये, घरचे रोज विचारतात. पण त्या आठवड्यात मी काय शिकले तर केसपेपर लिहायला आणि बीपीच्या गोळ्या महिन्याच्या मोजून द्यायला. मला वाटायला लागलं होतं की इथे पेशंटच नाहीत. शनिवारी निघताना तिथल्या सिनिअर सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही गाडी पकडता आणि मग आमचे पेशंट यायला लागतात."

हे इतकं साधं होतं आणि मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. भातलावणीच्या दिवसात माणसं उजाडताच खाचरात उतरतात. कंबर मोडून येत असली, ताप असला तरी दुपारी कोणी येत नाही, कारण लावणी पावसावर असते आणि एक दिवस गेला की गेला. माणसं येतात ती अंधार पडायच्या वेळी, चिखलाच्या पायांनी, आणि तेव्हा इंटर्न पुण्यात पोचलेली असते. सोमवारी मी गादी आणि बॅग घेऊन गेले. आईला समजवायला जरा वेळ लागला.

आता जी केस मला आयुष्यभर लक्षात राहणार आहे ती सांगते. मुक्कामाचा चौथा दिवस, साडेसहा-पावणेसातची वेळ, लाइट गेलेली. एक पिकअप येऊन थांबली, मागे एक बाई आडवी, चाळिशीच्या असतील, सोबत दीर आणि दोन बायका. लावणी करताना पायाला काहीतरी डसलं, दीर म्हणाला घोणस होती, त्याने पाहिली होती. पोटरीवर सुतळी इतकी घट्ट आवळलेली की पाय काळानिळा पडला होता आणि माझं पहिलं लक्ष तिकडेच गेलं, मी कात्री उचलली, तर सिस्टरांनी माझा हात धरला. आधी सलाईनची सुई, औषध तयार, मग सावकाश सोडायची, एकदम कापायची नाही. एमओ (मेडिकल ऑफिसर) सर क्वार्टरमधून धावत आले, तोपर्यंत सिस्टरांनी दोन मिली रक्त काढून एका काचेच्या कोरड्या टेस्टट्यूबमधे घातलं आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर स्टँडमधे ठेवली. मला म्हणाल्या, घड्याळ लावा, वीस मिनिटं हात लावायचा नाही.

ह्याला ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट म्हणतात. आमच्याकडे ती फॉरेन्सिकच्या पेपरात शॉर्ट नोट म्हणून येते आणि मी ती चांगली लिहिली पण होती. पण ट्यूब काचेचीच का लागते ते मला त्या कट्ट्यापाशी उभं राहून कळलं. काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली घेतली तर चांगल्या माणसाचं रक्त सुद्धा गोठत नाही आणि तुम्ही चुकीचं औषध सुरू करता. टॉर्चच्या उजेडात मी ती ट्यूब बघत उभी होते, पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. वीस मिनिटं झाल्यावर सरांनी ट्यूब हळूच आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहत काठापर्यंत आलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं विष. घोणसच.

मग एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांवर चालतं, म्हणजे साप कुठला ह्यावर वाद घालत बसायची गरज नसते. पहिला डोस दहा व्हायलचा. आत पावडर असते, प्रत्येकीत दहा मिली पाणी घालून विरघळवायची, आणि इथे मी घाईत व्हायल जोरजोरात हलवायला लागले तर फेस झाला. सिस्टर म्हणाल्या हलवायची नाही, दोन्ही तळहातात धरून वाती वळतात तशी फिरवायची. दहा व्हायल, आम्ही तिघी, टॉर्च त्या बाईंच्या जावेच्या हातात. अ‍ॅड्रिनॅलिन भरून शेजारी ठेवलेलं, रिअ‍ॅक्शन आली तर. सलाईनमधून तासाभरात गेलं. थंडी वाजून आली थोडी, बाकी काही नाही. १०८ बोलवून ठेवलीच होती, पुढच्या टेस्टसाठी आणि किडनीवर लक्ष ठेवायला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. नंतर आशाताईंकडून कळलं की बाई घरी आल्या.

पहिलं औषध रात्री साडेसातला त्या पत्र्याखाली मिळालं म्हणून हे झालं. पुण्यापर्यंत तशाच आणल्या असत्या तर घाट आणि ट्रॅफिक धरून दोन-अडीच तास आणखी गेले असते. प्राथमिक आरोग्य केंद्र कशासाठी असतं ते मी पीएसएमच्या, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्याच पुस्तकातून लोकसंख्येसकट पाठ केलं होतं, सपाटीवर ३०,००० ला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० ला एक. त्या आकड्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

शिकवतं कोण, हा पुढचा प्रश्न सगळे विचारतात. एमओ सर चांगले आहेत, विचारलं की सांगतात, पण त्यांच्या डोक्यावर मीटिंगा, ऑनलाइन रिपोर्ट आणि पोस्टमॉर्टेम पण असतात, ते बसून लेक्चर घेणार नाहीत. शिकवतात त्या सिस्टर. मी सरळ सांगते, माझ्या पहिल्या तीन नॉर्मल डिलिव्हरी मी सिस्टरांच्या हाताखाली केल्या. कॉलेजच्या लेबर रूममधे आम्ही पाच-पाच इंटर्न एका टेबलाभोवती उभे असायचो आणि रेसिडेन्टच्या खांद्यावरून बघायचो. इथे बाळ आलं की पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, नाळेचे ठोके बघणं, वार पूर्ण आली की नाही ते हातावर पसरून बघणं, सगळं मला करायला लावलं आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगितलं, पेशंटसमोर कधी पाणउतारा केला नाही. लसीकरणाच्या दिवशी सकाळी बर्फाचे पॅक बाहेर काढून ठेवतात आणि कानाशी हलवून बघतात, आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की मगच लसीच्या डब्यात, नाहीतर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठून वाया जाते. हे मी वाचलं होतं का? असेल. पण त्या पॅकचा आवाज ऐकल्यावर आता विसरणार नाही.

आशाताईंबरोबर एकदा तरी पूर्ण दिवस फिरा. आमच्या इथल्या ताई बारावी झालेल्या, वाडीवस्तीवर पायीच जायच्या. दहा दिवसांच्या बाळाच्या घरी गेलो, ताईंनी आधी हात धुतले, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन घेतलं, मग त्याचं झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणत होते, तर ताई म्हणाल्या, "तसं नका करू मॅडम, बारकी पोरं मधेच श्वास थांबवतात, चुकतं." साठच्या वर गेलं की काळजीचं. ही जी घरी जाऊन नवजात बाळ बघायची पद्धत आहे ती आपल्या गडचिरोलीतून आलीये, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी केले, १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या मेडिकल जर्नलमधे ते छापून आलं, आणि २०११ मधे ती देशभर आशांच्या कामात आली. पुणेकरांना तर लांब जायची पण गरज नाही, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७०च्या दशकात वढूला जे काम सुरू केलं ते गावातल्या बायकांच्या जिवावरच. ही नावं आम्ही परीक्षेसाठी पाठ केली. त्यांचं काम म्हणजे नेमकं काय ते मी ताईंच्या मागे चिखलातून चालताना पाहिलं.

भाषेचं पण सांगते. मी मराठीच, तरी पहिले दोन दिवस अर्धं कळत नव्हतं. "कसनुसं होतंय", "चमक निघती", "अंगावरून जातंय", "डोळ्यापुढं अंधारी येती". एक आजी म्हणाल्या "काळीज लकलकतंय", मी ईसीजी काढायला निघाले, सिस्टरांनी डोळ्याची पापणी ओढून दाखवली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन सहा. माझी सह-इंटर्न राजस्थानची, ऑल इंडिया कोट्यातली, तिने एक वही केली होती, डावीकडे पेशंटचा शब्द आणि उजवीकडे मेडिकल टर्म. दीड महिन्यात चाळीस पानं भरली. कॉलेजने ही वही छापून प्रत्येक इंटर्नला द्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता तक्रारी, आणि ह्या सगळ्या कॉलेजच्या खात्यात. इंटर्नची खोली गळते. पलंग दोन, आम्ही तिघी. बाथरूमची कडी आतून लागत नव्हती, मी दोनदा मेल केला, उत्तर नाही, शेवटी केंद्रातल्या शिपाईकाकांनी स्वतः बाजारातून कडी आणून बसवली. मुलींना रात्री राहा म्हणायचं आणि दाराला कडी नाही, ह्याचा मला आजही राग येतो. येण्याजाण्याची गाडी कागदावर आहे, प्रत्यक्षात पहिल्या दिवशीच आली. दीड महिन्यात डिपार्टमेंटमधून एकदाच एक सर आले, अटेन्डन्स बघितला, फोटो काढला, गेले. लॉगबुकमधे काय लिहिलंय ते कोणी वाचलं नाही. आता तर पहिल्या वर्षापासून फॅमिली अ‍ॅडॉप्शन आहे, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही घरं नेमून देतात, मुलं बसने गावात जातात, फॉर्म भरतात, दोन तासांत परत. त्यातली एक जरी रात्र मुक्कामाची ठेवली तरी मुलांना ते घर खरंच कळेल, कारण संध्याकाळी माणूस घरी असतो आणि बोलतो. आणि पुढे वर्षभराचा बॉन्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, करायचाच आहे, तेव्हा एकटीने एमओ म्हणून बसायचंय. सिस्टरांच्या हाताखाली शिकायची ही शेवटची संधी असते, आणि आपण ती एसटीत झोपून घालवतो.

जेवणाचं पटकन सांगते. मेस नाही. शेजारच्या मावशींकडे डबा लावा, भाकरी, आमटी, इंद्रायणीचा भात, चांगलं असतं. नेटवर्क दुपारी बरं, रात्री नाही, त्यामुळे अभ्यासाचं आधी डाउनलोड करून न्या. अभ्यास होतो का? माझा रोज दोन-तीन तास झाला. कमी झाला, पण झाला.

जाणाऱ्यांनी चांगली टॉर्च, गमबूट आणि आतून लावायची एक जादाची कडी घेऊन जा. आणि काचेच्या टेस्टट्यूब. त्या रात्रीनंतर मी ड्रॉवर उघडून बघितला तर कोरड्या, न वापरलेल्या तीनच उरल्या होत्या, मागणी टाकलेली पण आल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी मी एका लॅब सप्लायवाल्याकडून दोन डझन घेतल्या आणि सिस्टरांना नेऊन दिल्या, त्यांनी डब्यावर चिकटपट्टी लावून "फक्त सापासाठी, धुवू नये" असं लिहून वरच्या कप्प्यात ठेवल्यात. पुढच्या बॅचने गेल्यावर आधी तो डबा उघडून मोजा.