ऐपत असताना फाफ्सा भरावा का?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मराठी घरांत फराळाच्या बेताबरोबर हाही विषय निघतो: कॉलेजच्या खर्चाला मदत मागण्याचा फाफ्सा नावाचा फॉर्म भरायचा की नाही. मुलगी सीनियर इयरला, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, दोघांचे पगार चांगले, घराचं कर्ज बरंचसं फिटलेलं. एक म्हणतो, "आपल्याला कोण देणार मदत? उगाच कशाला तो फॉर्म?" दुसरी म्हणते, "फुकट तर आहे, भरून टाकू." भांडण मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या फॉर्मबद्दल बोलत असतात.

फॉर्म दोन आहेत. फाफ्सा केंद्र सरकारचा, बिनपैशाचा; उत्पन्नाचे आकडे तुमच्या संमतीने थेट आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून येतात. सीएसएस प्रोफाइल कॉलेज बोर्ड या संस्थेचा. पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे १६. बरीच नावाजलेली खासगी कॉलेजं स्वतःच्या तिजोरीतली मदत वाटण्यासाठी तो मागतात. आणि या दोन्हींच्या आधी कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक प्रवेशअर्जात, एक साधा दिसणारा प्रश्न असतो: गरजेवर आधारित मदत मागणार आहात का? पैसेवाल्या घराने खरी डोकेफोड करायची ती इथे.

हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी यांसारखी कॉलेजं प्रवेश ठरवताना घरची सांपत्तिक स्थिती बघत नाहीत. तिथे "हो" लिहिल्याने काही बिघडत नाही. पण मदतीची मागणी प्रवेशाच्या वेळी विचारात घेणारी कॉलेजंही पुष्कळ आहेत, आणि काठावरच्या अर्जाला हा "हो" जड जाऊ शकतो. चार वर्षांचे पैसे खरोखर बाजूला काढलेले असतील, तर अशा ठिकाणी "नाही" लिहावं आणि सीएसएसच्या वाटेला जाऊ नये. मात्र कॉलेजचे नियम आधी वाचा. पहिल्या वर्षी मदत मागितली नाही, तर पुढे परिस्थितीत मोठा बदल झाल्याशिवाय कॉलेजने स्वतःच्या पैशातून काही द्यायचं नाही, असा नियम काही ठिकाणी असतो.

आता "पैसेवालं घर" म्हणजे कोणतं? इथे आपले लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. दोघांचे मिळून २ लाख डॉलर म्हणजे आपल्या मंडळात "चांगलं चाललंय". पण हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली, तीही मालमत्ता नेहमीच्या प्रमाणात असेल तर. प्रिन्सटनने २०२५ मध्ये सांगितलं, की अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना ट्यूशन पडणार नाही. म्हणजे आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनचं सुखवस्तू घर प्रिन्सटनच्या लेखी मदतीला पात्र, आणि आपण भिडेपोटी फॉर्मच भरत नाही. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो; मदत वजा जाता आपल्याला किती पडेल, याचा अंदाज तो देतो. अर्ध्या तासाचं काम. ते केल्याशिवाय "आपल्याला मिळणार नाही" हे वाक्य घरात उच्चारू नये, असं माझं मत.

मालमत्तेच्या बाबतीत दोन्ही फॉर्मांचा स्वभाव अगदी वेगळा. फाफ्सा राहतं घर आणि फोर-ओ-वन-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, विचारतच नाही. सीएसएस घराची किंमत आणि उरलेलं कर्जही विचारतो. पुढे ते किती धरायचं, हे ज्या त्या कॉलेजचं धोरण. काही कॉलेजं राहत्या घराची किंमत धरतच नाहीत.

आमच्याकडे गाडी अडली ती कोथरूडच्या फ्लॅटवर. सासऱ्यांच्या पश्चात तो नवरा आणि त्याची बहीण यांच्या नावावर झाला. "तो काय आपला आहे? तिकडे आई राहते!" हे नवऱ्याचं ठाम मत. पण आपण स्वतः राहत नाही ते घर फाफ्साच्या भाषेत गुंतवणूकच, मग ते कोथरूडला असो की एडिसनला. फॉर्मवर सही करायच्या दिवशीची किंमत, त्यातला आपला हिस्सा, डॉलरमध्ये. पुण्याच्या बँकेतल्या एफडीचंही तेच. पगार सख्ख्या भावालाही न सांगणारी आपली जात. असले रकाने भरताना हात जड होतोच.

दुसरी गंमत मुलांच्या नावावरच्या पैशांची. आजीआजोबांनी कौतुकाने नातीच्या नावावर ४०,००० डॉलर ठेवले असतील, तर फाफ्सा त्यातले २० टक्के, म्हणजे ८,००० डॉलर, दर वर्षी खर्चाला उपलब्ध आहेत असं धरतो. तेच पैसे आईवडिलांच्या नावावर असते तर जास्तीत जास्त ५.६४ टक्के, म्हणजे २,२५६. खरोखर गडगंज घराला याने फरक पडत नाही, मधल्या घराला पडतो.

मग गडगंज घराने निदान फाफ्सा तरी का भरावा? मुलीच्या नावावरच्या सरकारी कर्जासाठी. अनसबसिडाइज्ड कर्जाला (शिकत असतानाही ज्याचं व्याज चढतं ते) गरज सिद्ध करावी लागत नाही, पण फाफ्सा लागतो: पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. २०२५-२६ साठी व्याज ६.३९ टक्के होतं. रोख पैसे असताना हे कर्ज काढावं असं मी म्हणणार नाही. पण शिक्षणाचं थोडं ओझं मुलांनी उचलावं असं ज्यांना वाटतं, त्यांना ते सोयीचं. पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज, पॅरेंट प्लस, मात्र त्याच वर्षी ८.९४ टक्क्यांचं, वर प्रोसेसिंगचा चिमटा. ऐपत असलेल्याने त्याच्या फंदात पडू नये. काही राज्यांच्या आणि कॉलेजांच्या गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांनाही फाफ्सा लागतो, उदाहरणार्थ टेनेसीची होप. आणि नोकरी गेली, तर कॉलेजच्या मदत कचेरीत दाद मागता येते; तेव्हा फाफ्सा आधीच भरलेला असला की धावपळ वाचते.

एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा एक गैरसमज इथेच काढते. मुलगा इथे जन्मलेला, नागरिक असेल, तर फाफ्सा त्याचा. आईवडिलांचा व्हिसा आड येत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही फाफ्साला लागणारं ऑनलाइन खातं काढता येतं. उलट मुलगी स्वतः एच-४ वर, म्हणजे पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर असेल तर केंद्राची मदत नाही. तिच्यासाठी कॉलेज काय मागतं तेच पाहावं.

आम्ही काय केलं? नेट प्राइस कॅल्क्युलेटरने चारही खासगी कॉलेजांत मदतीचा भोपळा दाखवला, म्हणून तिथे "नाही" लिहिलं आणि सीएसएस सोडून दिला. फाफ्सा एका रविवारी, चहाच्या दोन फेऱ्यांत भरला. टॅक्स एकत्र भरत असल्याने एकाच पालकाचं खातं पुरलं. आपण किती देऊ शकतो त्याचा आकडा आला, तो कुठल्याही कॉलेजच्या वर्षाच्या खर्चापेक्षा मोठा. लेकीने स्क्रीनकडे बघत विचारलं, "म्हणजे आपण श्रीमंत आहोत?" नवरा म्हणाला, "कागदावर. कोथरूडचा फ्लॅट धरून."