अँजिओनंतर धमनीचं भोक बुजवायचं कशाने? वापरून बनलेलं मत

कॅथलॅबमध्ये शीथ, म्हणजे अँजिओसाठी जांघेतून धमनीत घातलेली नळी, काढायचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे हा रिव्ह्यू ज्याला शेवटी बोटं दाबून उभं राहावं लागतं त्याच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या माणसाचा डेमो बघितला की भोक बुजवायची सगळीच डिव्हाइस भारी वाटतात, खरी मजा पेशंट वॉर्डात गेल्यावर कळते.

आधी हाताने दाबण्याबद्दल. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) उतरू द्यायचं, एसीटी (रक्त गोठायला लागणारे सेकंद) साधारण १८० च्या खाली आला की शीथ काढायचं, मग दहा ते वीस मिनिटं नुसतं दाबून उभं राहायचं. नवीन पोरं हमखास कातडीवरच्या भोकावर दाबतात आणि मग गाठ का आली म्हणून विचारतात, अरे सुई तिरकी गेलेली असते, धमनीतलं भोक एक-दोन सेंटीमीटर वर असतं, बोटं तिथे हवीत. आणि एवढंही दाबायचं नाही की पायाची नाडीच लागणार नाही. काहींचे ठोके दाबतानाच एकदम मंदावतात, बीपी पडतं, म्हणून ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवायचं. पुढचे चार-सहा तास पाय सरळ ठेवून झोपणं हा पेशंटचा खरा वैताग, पाठ आखडते आणि म्हाताऱ्या माणसांना आडव्याने लघवी होत नाही ते वेगळंच.

हा वैताग वाचवायला डिव्हाइस. अँजिओसील मला वापरायला सगळ्यात सोपं वाटतं, आत एक छोटा अँकर, बाहेर कोलॅजनचा बोळा, मधे दोरा, ओढलं की सँडविच तयार. दोन-तीन महिन्यांत सगळं विरघळतं, पण तोवर त्याच जांघेत परत सुई घालायची वेळ आली तर आधीच्या जागेपासून एक सेंटीमीटर वर घालायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसलं की पुढच्याची पंचाईत. आत काहीतरी राहतं ही गोष्ट मला अजूनही थोडी खटकते, क्वचित का होईना पाय गार पडू शकतो किंवा इन्फेक्शन होऊ शकतं.

प्रोग्लाइडला हात बसायला वेळ लागतो. ते चक्क टाका घालतं, आणि त्यात मला आवडते ती गोष्ट म्हणजे गाठ पक्की करायच्या आधी वायर परत आत घालता येते, म्हणजे नाही जमलं तर रस्ता हातात राहतो. टावीसारख्या (धमनीतून हृदयाची झडप बसवणं) जाड शीथच्या केसमध्ये सुरुवातीलाच दोन टाके तिरके घालून ठेवतात आणि शेवटी आवळतात. पण धमनीच्या पुढच्या भिंतीत कॅल्शियम असलं की सुई नीट पकडतच नाही, तिथे हट्ट करू नये. जाड भोकांसाठी मँटा पण आहे, कोलॅजनवालाच प्रकार, फक्त धमनी किती खोल आहे ते आधी मोजून ठेवावं लागतं. टावीत दोघांची तुलना २०२१ मध्ये आली त्यात प्रोग्लाइडची बाजू वरचढ ठरली, हे मात्र मला आधी पटलं नव्हतं कारण मँटा हातात जास्त सुटसुटीत वाटतं.

मिंक्समध्ये आत काही राहत नाही, बाहेरून जेलसारखं सीलंट लागतं आणि महिन्याभरात जिरतं. दिसायला सज्जन, पण लावल्यावर थोडा वेळ हात ठेवावाच लागतो.

आता माझं भांडण. डिव्हाइस लावलं म्हणजे जास्त सेफ, असं पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलं जातं ते बंद करा. २०१४ ची इसार-क्लोजर ट्रायल, ४५२४ पेशंट, डिव्हाइसवाल्यांत जागेचे त्रास ६.९ टक्के, हाताने दाबलेल्यांत ७.९, म्हणजे हातापेक्षा वाईट नाही एवढंच सिद्ध झालं. खरा फायदा वेळेचा, रक्त थांबायला १ मिनिट विरुद्ध १० मिनिटं.

आणि निवड शीथ काढताना नाही, सुई घालतानाच ठरते. पंक्चर फेमोरल हेडच्या (मांडीच्या हाडाचा गोल माथा) समोर कॉमन फेमोरलमध्ये (जांघेतली मुख्य धमनी) असेल तर काय वाट्टेल ते लावा. फार वर गेलं असेल तर रक्त पोटामागे साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही, फार खाली गेलं तर धमनी दुभागते त्या फाट्यावर बसतं, स्यूडोअ‍ॅन्युरिझम (धमनीला जोडलेली रक्ताची गाठ) होतो. एकदा फाट्यावरच्या पंक्चरला डिव्हाइस लावायचा आग्रह झाला, मी म्हटलं आधी शीथमधून डाय टाकून फोटो काढा, नाही काढला. नंतर अर्धा तास दाबत मीच उभा होतो.

बाकी जमत असेल तर मनगटच. टीआर बँड, म्हणजे मनगटाचा हवेने फुगणारा पट्टा, लावायचा, हवा भरायची, मग थोडी थोडी कमी करत रक्त थांबेल इतकाच दाब ठेवायचा, पण रेडियल (मनगटातली अंगठ्याकडची धमनी) वाहती राहिली पाहिजे. हे तपासायला अंगठ्याला पल्स ऑक्सीमीटर लावून अल्नर (करंगळीकडची धमनी) दाबायची, लाट दिसली की दाब बरोबर. हे कोणी करत नाही, बँड गच्च आवळून चहाला जातात आणि मग रेडियल बंद पडते. बँडला पाच स्टार, लावणाऱ्यांना दोन.