कोकणातील संशोधन-षाण्मासिकासाठी : ओजेएस की झेनोडो?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एखादे महाविद्यालय किंवा इतिहास मंडळ मोडी कागदपत्रांची लिप्यंतरे, सड्यांवरील, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरील, कातळशिल्पांच्या नोंदी आणि बोलींचा अभ्यास यांसाठी मराठी षाण्मासिक काढायचे ठरवते, तेव्हा हे लेखन ऑनलाइन कुठे ठेवायचे हा प्रश्न लवकरच पुढे येतो. ओपन जर्नल सिस्टिम्स (ओजेएस) आणि झेनोडो हे दोन्ही पर्याय विनामूल्य आहेत. त्यांतून निवड करताना सोयींची यादी तपासण्याआधी पाच वर्षांनी देखभाल कोण करणार हे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

ओजेएस हे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे सॉफ्टवेअर आहे. हा प्रकल्प जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडात सुरू केला. लेख दाखल होणे, तो परीक्षकांकडे जाणे, सुधारित मसुदा येणे आणि अंक लागणे हा सगळा प्रवास त्यात नोंदला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिकाची विश्वासार्हता संपादक मंडळालाच दाखवून द्यावी लागते, त्यामुळे परीक्षणाची अशी नोंद मोलाची ठरते. मात्र ओजेएससाठी सर्व्हर, डेटाबेस, नियमित बॅकअप आणि नव्या आवृत्त्या बसवणारा माणूस लागतो. जुनी आवृत्ती तशीच राहिली तर घुसखोरीला वाट मिळते. डीओआय, म्हणजे लेखाची कायमस्वरूपी डिजिटल ओळख-खूण, हवा असेल तर तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफसारख्या संस्थेची वार्षिक वर्गणी आणि प्रत्येक लेखामागचे शुल्कही भरावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, हे लक्षात घेता महाविद्यालयाच्या खोलीतल्या सर्व्हरवर एकमेव प्रत ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

झेनोडोत यातले बहुतेक ओझे उरत नाही. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या या भांडारात प्रत्येक नोंदीला विनाशुल्क डीओआय मिळतो आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली ठेवता येतात. लेखात चूक सापडली तर नवी आवृत्ती स्वतंत्र डीओआयसह येते आणि जुनी आवृत्तीही जागेवर राहते. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली, तरी पुष्कळ स्थळे आजही उघड्या सड्यावर आहेत. त्यांचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर न करता नोंद खुली आणि फाइल मर्यादित ठेवण्याची सोय येथे आहे, ही मला फार महत्त्वाची वाटते. उणीव अशी की झेनोडो लेखांचे परीक्षण करत नाही आणि अंकाची मांडणीही देत नाही. परीक्षण ईमेलवरच चालवावे लागते आणि त्याचा लेखी दप्तर-व्यवहार संपादकांनी स्वतः सांभाळावा लागतो.

इंटरनेट आर्काइव्ह जुन्या छापील पुस्तकांच्या स्कॅनसाठी उत्तम आहे, पण तेथे डीओआय मिळत नाही आणि ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर ते काही दिवस बंद होते. त्यामुळे त्याकडे दुसरी प्रत म्हणून पाहावे.

संस्था बाहेरचा सर्व्हर आणि किमान दोन जाणकार माणसे देत असेल, तर लेखांसाठी ओजेएस घ्यावे. तसे नसेल तर झेनोडोवर सुरुवात करावी. कोणताही मार्ग धरला तरी छायाचित्रे, कागदपत्रांचे स्कॅन आणि लिप्यंतरे झेनोडोवर ठेवून त्यांचा डीओआय लेखात द्यावा. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाण संकेतावलीत, आली असली तरी ती टंकणारे आणि वाचणारे थोडे आहेत, म्हणून मूळ प्रतिमेसोबत देवनागरी पाठ हवाच. तो पाठ, आणि खरे तर संपूर्ण अंक, युनिकोड फॉन्टमध्येच जुळवायला डीटीपी करणाऱ्यांना पहिल्या अंकापासून सांगावे. जुन्या फॉन्टमधून निघालेली पीडीएफ डोळ्यांना सुबक दिसते, पण तिच्यात गावाचे नाव शोधले तर सापडत नाही. ओजेएस निवडणाऱ्यांनी डोमेन नेम संस्थेच्या नावावर घ्यावे, कोणा प्राध्यापकाच्या व्यक्तिगत खात्यावर नव्हे, आणि नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात नोंदवावी.