झाशी १८५८ : गोडसे भटजी की सर ह्यू रोज?

झाशीचा वेढा समजून घ्यायला दोन साक्षीदार हाताशी आहेत. एक वरसईचे विष्णुभट गोडसे, जे तेव्हा शहरात अडकले होते आणि ज्यांनी ते सारे ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लिहिले. दुसरा शहर घेणारा सेनापती सर ह्यू रोज, ज्याचे अहवाल सरकारी दप्तरात आहेत.

तारखा, तोफा, पलटणींच्या हालचाली यांसाठी मी डोळे झाकून रोजकडे जाईन. त्याने लढाई ताजी असताना लिहिले. गोडसे भटजींनी सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. शिवाय ऐकीव गोष्टीही ते त्याच विश्वासाने सांगतात. धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे ठेवली, असे ते लिहितात. असा कायदा कंपनीने कधीच केला नव्हता. १८५६चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा मात्र खरा होता, आणि अशा बातम्या कानोकानी कशा फुगल्या हे इथेच कळते.

पण शहर पडल्यावर गल्लीबोळांत काय झाले? तिथे ह्यू रोजचा अहवाल विजेत्याचा आहे. माणसे कुठे लपली, घरे कशी लुटली गेली, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली, हे सांगतात गोडसेच. स्वतः पाहिलेले आणि भोगलेले ते सांगतात, तेव्हा माझा कौल त्यांनाच.

एक खबरदारी मात्र हवीच. ‘माझा प्रवास’च्या, १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलेल्या प्रतीत त्यांचा हात बराच फिरला आहे. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्तीच वाचावी.